पोटरीत गोळा आला, म्हणून धावणं सोडायचं का?

 

आज बोलायचं आहे पायात येणाऱ्या गोळ्याविषयी. कुणी त्याला पेटका म्हणतं, कुणी वांब म्हणतं, कुणी म्हणतं शिरेवर शीर चढली. दवाखान्यात क्रॅम्प म्हणतात. नाव कुठलंही घ्या, त्रास एकच. पोटरी एकदम दगडासारखी घट्ट होते, कळ मस्तकात जाते आणि पाय टेकवत नाही. रात्री झोपेत येतो, गरोदरपणात येतो, उसाच्या फडात येतो. आणि धावताना तर हमखास येतो.

तुम्ही म्हणाल, कर्जाचे हप्ते आणि शेळीपालन सोडून या बाया धावण्याचं काय काढून बसल्या? तर सांगतो. आमच्या ग्रामसंघातल्या अकरा जणी अक्षय्य तृतीयेपासून पहाटे धावण्याचा सराव करताहेत. पावसाळ्याच्या अखेरीला साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन असते, तिथं धावायचं त्यांनी ठरवलं आहे. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हाफ म्हणजे तिच्या निम्मी, २१ किलोमीटरच्या थोडी वर. साताऱ्याच्या या शर्यतीत जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा. चढाला पोटऱ्या बोलतात, उताराला मांड्या बोलतात.

आपल्या माण तालुक्याला धावणं नवीन नाही. मोहीच्या ललिता बाबर इथल्याच. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिल्या आल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. बारामतीच्या लता करे तर साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. म्हणजे धावणं हे काही शहरातल्या, बूट घातलेल्या लोकांचंच काम नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या अकरा जणींत एक सून आहे. दोन लेकरांची आई. घरची दोन जनावरं, वर रोजंदारीची खुरपणी. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला उठून धावायची. सुरुवातीचे दोन महिने छान गेले. मग एका रविवारी अकराव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा आला. बसली, उठली, चालत घरी आली. पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच, आणि या वेळी दोन्ही पायांत. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलवर बसवून तिला घरी आणलं. दारात सासूबाई उभ्या. म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे झेपत नाही, उद्या पाय कायमचा गेला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" नवरा बोलला नाही, पण बूट उचलून माळ्यावर टाकले. एवढ्यावर थांबलं नाही. त्याच घरातली नणंद पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. तिचाही सराव त्या दिवसापासून बंद.

सासूबाई वाईट नाहीत. त्यांना भीती वाटली. आणि भीती वाटते ती माहिती नसते म्हणून. बाईला झेपत नाही हे तर मोठमोठ्या जाणत्या माणसांनीसुद्धा म्हटलेलं आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे. बायकांची सुरू झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. मधली ८८ वर्षं इतकं लांब अंतर बाईच्या शरीराला सोसणार नाही, असंच धरून चाललेले. तेव्हा आपल्या सासूबाईंना काय बोल लावायचा?

म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही विषयच लावून धरला, की हा गोळा आहे तरी काय. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, आशाताईंना विचारलं, वाचलं. ते सगळं आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. शिरेवर शीर चढत नाही. शिरा आपल्या जागेवरच असतात. गोळा येतो तो स्नायूत, म्हणजे पोटरीच्या मांसात. स्नायू आखडतो आणि सैल पडायचं विसरतो.

हे का होतं? बैलगाडी डोळ्यांपुढं आणा. गाडीवानाच्या एका हातात चाबूक, एका हातात कासरा. चाबूक सांगतो ओढ, कासरा सांगतो थांब, सैल सोड. दोन्ही बरोबर चाललं की गाडी नीट चालते. आपल्या स्नायूतही अशा दोन खबरी असतात. एक मज्जातंतूंतर्फे सांगते आवळ, दुसरी सांगते सोड. स्नायू फार दमला की आवळ म्हणणारी खबर जोरात जाते आणि सोड म्हणणारी मंदावते. चाबूक चालूच, कासरा सुटलेला. मग स्नायू आवळतच राहतो, आणि त्यालाच आपण गोळा म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली हा विचार मांडला आणि धावणाऱ्यांच्या बाबतीत तो आज बराचसा मानला जातो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर ऐकलंय की मीठ आणि पाणी कमी पडलं की गोळे येतात. तेही खोटं नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या काही वर्षांत हूव्हर धरण बांधलं गेलं. भर वाळवंटात, भट्टीसारख्या उन्हात मजूर काम करायचे. घामाच्या धारा लागायच्या, तहान लागली की नुसतं पाणी प्यायचे आणि मग हातापायांत, पोटात गोळे येऊन आडवे व्हायचे. हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिथं जाऊन तपासलं. घामातून मीठ जात होतं आणि ते परत मिळत नव्हतं. मीठ दिल्यावर माणसं सावरली. आपल्याकडं उसाच्या फडात, वीटभट्टीवर, मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर जे गोळे येतात, त्यातले पुष्कळ याच जातीचे.

पण शर्यतीत धावणाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या अंगातल्या पाण्यात आणि मिठात फारसा फरकच नव्हता. फरक होता तो वेगात. सरावात जेवढ्या वेगानं धावले, त्यापेक्षा शर्यतीत जास्त वेगानं सुटले, त्यांना गोळे जास्त. आणि ज्यांना पूर्वी गोळे आलेले, त्यांना पुन्हा जास्त.

म्हणजे गोळे दोन जातींचे. ओळखायचे कसे? फार घाम गेल्यावर, उन्हात, एकदा पायात, मग हातात, मग पोटात असे फिरते गोळे आले, तर मीठपाण्याचा प्रश्न आहे असं धरा. ब्लाउजवर, चेहऱ्यावर घाम वाळून पांढरी मिठाची रेघ उठत असेल, तर तुमच्या घामात मीठ जास्त जातं, तेही लक्षात ठेवा. आणि पहाटेच्या गारव्यात, लांब पल्ल्याच्या शेवटी, ज्या पोटरीनं काम केलं नेमका तिथंच गोळा आला, तर तो दमलेल्या स्नायूचा. आमच्या सुनेचा असाच होता. पहाटेची वेळ, अकरावा किलोमीटर, दोन्ही वेळा पोटरीच.

आता गोळा आला तर त्या क्षणाला काय करायचं, ते नीट ऐका. लहान मुलांनाही शिकवून ठेवा.

थांबायचं. रेटून पुढं धावायचं नाही. पोटरीत गोळा असेल तर जमिनीवर बसायचं, गुडघा सरळ करायचा आणि पायाचा पंजा आपल्या अंगाकडं ओढायचा. हात पोचत नसेल तर पदर किंवा ओढणी तळव्याखालून घालून दोन्ही टोकं ओढायची. हिसका द्यायचा नाही, सावकाश ताण द्यायचा. मनातल्या मनात तीस आकडे मोजायचे. मग सोडायचं, पुन्हा ओढायचं. आठवतं का, रात्री पाय धरला की आपल्या आज्या पायाचा अंगठा वर ओढायच्या? आजीचा उपाय अगदी बरोबर होता. ताण दिला की सोड म्हणणारी खबर पुन्हा जागी होते, कासरा पुन्हा हातात येतो.

मांडीच्या मागं गोळा आला तर बसून पाय लांब करायचा आणि कमरेतून हळू पुढं वाकायचं. मांडीच्या पुढं आला तर उभं राहून, एका हातानं झाडाचा किंवा मैत्रिणीचा आधार घेऊन, पाऊल मागून ढुंगणाकडं धरायचं. गोळा सुटला की हलक्या हातानं चोळायचं. सुटायच्या आधी बुक्क्या मारणं, पोटरीवर पाय देऊन उभं राहणं, हे करायचं नाही. त्यानं स्नायूला इजा होते. मग पाच मिनिटं चालायचं, आणि त्या दिवशी पुन्हा वेगानं धावायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखरी राहते, ते साहजिक आहे.

इथं एक मजेची गोष्ट सांगतो. अमेरिकेतले खेळाडू गोळा आला की लोणच्याचा खार पितात. त्यावर २०१० साली प्रयोग झाला. खार प्यायल्यावर गोळा साधारण दीड मिनिटात सुटला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. पण दीड मिनिटात ते मीठ रक्तात पोचणं शक्यच नाही. म्हणजे घशाला आंबट झटका बसतो आणि त्यानं मज्जातंतूंची ती चुकीची खबर थांबते, असा अंदाज आहे. पण त्यांचं लोणचं काकडीचं, शिरक्यात मुरवलेलं, त्यात तेल नाही. आपल्या कैरीच्या लोणच्याचं तेल-तिखट पिऊन कुणी पोटात आग पाडून घेऊ नका.

केळ्याचंही असंच आहे. गोळा आला की लोक केळं देतात. केळं चांगलंच आहे, धावण्याआधी जरूर खावं. पण खाल्लेलं केळं पचून अंगी लागायला वेळ लागतो. आलेला गोळा त्यानं सुटत नाही.

आता गोळा येऊच नये म्हणून काय करायचं. इथं आपल्या बायांचं गणित शहरातल्या धावणाऱ्यांपेक्षा वेगळं आहे.

शहरातली बाई दिवसभर खुर्चीवर बसते आणि संध्याकाळी धावते. आपली बाई दिवसभर उकिडवी बसून खुरपते, डोक्यावरून पाणी आणते, जनावरांची वैरण ओढते आणि वर पहाटे धावते. पोटरीला काय कळणार, की हे काम शेतातलं आणि हे शर्यतीचं? तिच्या लेखी सगळं एकच. म्हणून आम्ही त्या सुनेची वही काढली. गटात आपण हिशेबाची वही ठेवतो ना, तशी या अकरा जणींनी धावण्याची ठेवली आहे. त्यात दिसलं की ज्या दोन रविवारी गोळा आला, त्यांच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती दिवसभर कांद्याच्या खुरपणीला गेली होती. रात्री झोप पाच तास. आणि तीन आठवड्यांत लांब पल्ला सात किलोमीटरवरून एकदम अकरावर नेलेला. मग पोटरी बोलणार नाही तर काय?

तेव्हा पहिला नियम. लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी जड काम नको. जमेल तर त्या दिवशीची मजुरी पुढं-मागं करायची. आपल्या गटात सावड आहे, एकमेकींच्या रानात आपण जातो. त्या सावडीत हेही बसवता येतं.

दुसरा नियम. अंतर हळूहळू वाढवायचं. लांब पल्ला आठवड्यातून एकदाच, आणि दर आठवड्याला फार तर एक किलोमीटर वाढवायचा. चौथ्या आठवड्याला वाढवायचा नाही, उलट कमी करायचा, म्हणजे पायाला विसावा मिळतो. वारीला गेलेल्या बायांना हे माहीत आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं असतं. वर्षभर जी बाई रानात चालती आहे तिला ते जातं, आणि जी एकदम उठून निघते तिच्या पोटऱ्या दुसऱ्या मुक्कामालाच भरून येतात.

तिसरा नियम वेगाचा. धावताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. घाटात तर चढावर चालायलाही लाजू नका. शर्यतीच्या दिवशी ताशे वाजतात, लोक ओरडतात, पाय आपोआप पळतात. तिथंच आवर घालायचा. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू.

चौथा, पोटरी बळकट करायची. घराच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा हवेत. भिंतीला हात लावायचा. टाचा वर उचलायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या. बारा वेळा झालं की थांबायचं, असं तीनदा. आठवड्यातून तीन दिवस. थोडे दिवस झाले की गुडघे किंचित वाकवूनही करायचं, म्हणजे खालचा स्नायूही कामाला लागतो. मांडीच्या मागच्या भागासाठी पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलून पाच आकडे धरायची. चूल पेटेपर्यंत एवढं होतं.

पाचवा, खाणं आणि रक्त. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. रक्त कमी असलं की स्नायू लवकर दमतो. धावायला लागायच्या आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या नियमानं घ्या, चहासोबत घेऊ नका. लांब पल्ल्याला उपाशीपोटी जाऊ नका. अर्धी भाकरी गुळाबरोबर किंवा एक केळं तरी पोटात हवं. आणि निर्जळी उपवास असेल, हरतालिका असेल, त्या दिवशी धावायचं नाही. देवाचं देवाला, पायाचं पायाला.

आता पाण्याचं बोलू. आपल्याकडं बाई घराबाहेर पडली की पाणी पीत नाही. का? तर जायचं कुठं. हे सगळ्या जणींना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. मजुरीला गेलं तरी तेच आणि धावायला गेलं तरी तेच. यावर आमच्या अकरा जणींनी असा रस्ता काढला की धावायची वाट शाळेवरून आणि ग्रामपंचायतीवरून जाईल अशी आखली. तिथल्या स्वच्छतागृहाच्या किल्ल्या ग्रामसंघानं मागून घेतल्या. आता पाणी प्यायला कुणी भीत नाही.

पण मैत्रिणींनो, पाणी प्यायचं म्हणजे घागर रिकामी करायची नाही. जास्त पाणीही घातक आहे. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात मीठ धोक्याइतकं उतरलेलं होतं. मुख्य कारण, वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. त्याच शर्यतीत एक २८ वर्षांची बाई यानं दगावली. हळू धावणाऱ्या, बारीक अंगाच्या बाईला हा धोका जास्त. म्हणून तहान लागेल तसं, घोट घोट प्यायचं.

आपल्याला किती लागतं, हे कळायला सोपी युक्ती आहे. धावायच्या आधी आणि घाम पुसून धावल्यानंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी अंगातून गेलं. वजन वाढलं तर समजा जास्त प्यालात.

तासाभराच्या आत धावणं असेल तर साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त असेल, ऊन असेल, तर मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. ओआरएसची पुडी आशाताईंकडं मिळते. पुडी एक लिटरची आहे की एका पेल्याची, ते वाचून तेवढ्याच पाण्यात घाला. दुकानात खोक्यातून मिळणारं फळाच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक प्या. रक्तदाबाच्या बायांनी मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारून करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्या गोळ्याला घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, ते ऐका.

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हाताला गरम लागली आणि दुखणं थांबतच नाही, तर तो गोळा नसून शिरेत रक्ताची गाठ असू शकते. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे जास्त संभवतं. अशी पोटरी चोळू नका, ताबडतोब दवाखान्यात जा. धावल्यानंतर अंग भयंकर दुखून लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली, तरी लगेच जा. उन्हात काम करताना कुणी बरळायला लागली, तोल जायला लागला, अंग तापलं, उलट्या झाल्या, तर तो उष्माघात. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि न धावताही रोज रात्री गोळे येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, ज्यांनी लघवी जास्त होते, त्यांनीही पेटके येतात. पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

त्या सुनेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गटाच्या दोघी जणी तिच्या घरी गेल्या. भांडायला नाही. सासूबाईंना सोबत घेऊनच आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही पोटऱ्या तपासल्या, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं. पायाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी सासूबाईंना एवढंच विचारलं, "खुरपणीला गेल्यावर हिला पेटके आले असते, तर खुरपणी बंद केली असती का?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटेत मात्र म्हणाल्या, "आम्हालाही रात्रीचे यायचे, पण आम्हाला कुणी विचारलं होतं?"

सहा आठवडे ती लोहाच्या गोळ्या घेत नुसती चालली आणि पायरीवरचा व्यायाम केला. मग पुन्हा पाच किलोमीटरपासून सुरुवात. शनिवारचं पाणी आता नवरा भरतो. लोक हसले, त्यानं भरलं. नणंदेचा सराव सुरू झाला. गेल्या रविवारी सुनेला नवव्या किलोमीटरला पुन्हा थोडा गोळा आला. ती बसली, ओढणी तळव्याखालून घातली, तीस मोजले, उठली आणि उरलेलं चालत आली. घरी कुणी ओरडलं नाही. साताऱ्याला ती या वर्षी २१ किलोमीटर धावेल की नाही, ते आम्ही आज सांगत नाही. डॉक्टरबाई पुन्हा रक्त तपासतील, मग ठरेल. नाही जमलं तर पुढच्या वर्षी घाट तिथंच आहे.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. कुणाकुणाला पेटके येतात, कधी येतात, काय काम केल्यावर येतात, ते एकमेकींना विचारा आणि वहीत लिहा. सगळ्या जणी मिळून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. पंजा अंगाकडं ओढून तीस मोजायचे, हे बैठकीतच सतरंजीवर बसून करून बघा. धावणारीला उपयोग होईल, ऊस तोडणारीला होईल आणि रात्री पाय धरून बसणाऱ्या म्हातारीलाही होईल.